घोरपडीचं टेबल

तिला संस्थेत सगळे घोरपड म्हणत. पाठीमागे म्हणत, पण संस्थेच्या भिंती पातळ आणि माणसांचे आवाज जाड, त्यामुळे तिला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर तक्रार घेऊन वरच्या मजल्यावर गेली असती. हिने काय केलं, तर आपल्या खोलीच्या दारावर घोरपडीचं एक चित्र चिकटवलं आणि त्याखाली लिहिलं, ‘आत येण्याआधी दार वाजवा. पेशी दचकतात.’ चिडवणाऱ्यांची हवाच गेली. नाव मात्र राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते तिला शोभतही होतं.

कारण तिचं कामच मुळी चिकटण्याचं. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ आवरणात गुंडाळलेली असते आणि त्या आवरणात प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की मिठाचे विद्युतभार असलेले कण आत-बाहेर करतात आणि त्यातूनच पेशीला निरोप पोचतो, की बाई गं, दाब पडलाय, ताण आलाय, कामाला लाग. शास्त्रज्ञ त्याला आयन चॅनल म्हणतात. ती आपली दारच म्हणायची. असं एक दार उघडताना जो इवलासा प्रवाह वाहतो तो मोजायचा, तर केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी पेशीला टेकवायची, तिच्या मागच्या टोकाला जोडलेली रबरी नळी तोंडात धरायची आणि हलकेच ओढायचं. जमलं तर काच आणि पेशी एकमेकींना अशा चिकटतात की मधून वीज निसटायला जागा उरत नाही. याला म्हणायचं सील. नाही जमलं तर पेशी फुटते, नळी फेकून द्यायची, नवी घ्यायची, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं जिथे चालायचं ते टेबल म्हणजे तिचा जीव की प्राण. हवेच्या उशांवर तरंगणारं जडशीळ पोलादी टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, आणि बाहेरची वीज आत डोकावू नये म्हणून भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. पिंजरा तिने स्वतः डाग देऊन जोडला होता. कुठली तार कुठे बांधली की संगणकाच्या पडद्यावरची गुणगुण थांबते, शेजारच्या लिफ्टची मोटार चालू झाली की कुठलं बटण दाबून धरायचं, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं. नव्या माणसाने त्या टेबलाला हात लावला की ती बोलायची काही नाही, नुसती पाहायची. तेवढं पुरे व्हायचं.

सील जमवण्यात तिचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं. होता एक काळ, जेव्हा तिच्या सरांचा हात तिच्याहून सरस होता. सर आता संस्थेचे प्रमुख, त्यांच्या हातात बैठका आणि सह्या. पण तेव्हा ते याच खोलीत, याच स्टुलावर बसून तिला शिकवत. “ओढायचं कसं, ठाऊक आहे? गरम चहाचा पहिला घोट घेतो ना, तसं. चव कळली पाहिजे, जीभ पोळता कामा नये.” सील झालं की तोंडातली नळी ताबडतोब काढायची, पेशीला शांत होऊ द्यायचं आणि मगच नोंद सुरू करायची, हा सरांचा दंडक. त्यांना तो त्यांच्या गुरूंनी घालून दिला होता, गुरूंना त्यांच्या गुरूंनी. असल्या दंडकांची एक गंमत असते. ते पाळतात सगळे, का घातले हे विचारत कोणी नाही. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

अलीकडे ती गुडघ्यातल्या कूर्चेच्या मागे हात धुऊन लागली होती. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरची ती गुळगुळीत, लवचिक गादी. पाऊल टाकलं की गादीतल्या पेशी चेपल्या जातात, आणि चेपल्या गेल्या की गादीची डागडुजी करतात. पण आपण चेपलो हे त्यांना समजतं कसं? तिचं म्हणणं होतं, की यांच्या आवरणात ताणाने उघडणारं एखादं दार असणार आणि ते अजून कोणाच्या हाती लागलेलं नाही. गुडघे बदलताना काढून टाकलेले कूर्चेचे तुकडे रुग्णालयातून तिला मिळत. ती त्यांतल्या पेशी सुट्या करून वाढवायची.

घरीही या विषयाचा एक चालताबोलता नमुना होता. तिची आई. जिना चढताना आईचे गुडघे कुरकुरत आणि आई त्यांच्याहून जास्त.

“गुडघे माझे आणि कौतुक त्या पेशींचं,” आई म्हणायची. “मला कधी विचारलंस, आई आज कसं वाटतंय म्हणून?”

“आई, आज कसं वाटतंय?”

“दुखतंय. झालं समाधान?”

आई आयुष्यभर शिवणाच्या कारखान्यात मशीनवर बसलेली. तिथे एकदा मुकादमाने तिला खिडकीजवळच्या जागेवरून उठवून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवायचं ठरवलं. ही हललीच नाही. मुकादम डोक्याशी उभा राहून ओरडतोय आणि ही खाली मान घालून बाही जोडतेय. शेवटी मुकादमाचाच घसा बसला. तेव्हा लेकीला चिकटण्याचा गुण कुठून आला, हे निराळं सांगायला नको.

तर झालं असं. कूर्चेच्या पेशीला बोथट काचेच्या काडीने हळूच दाबलं की समोरच्या पडद्यावर एक छोटासा प्रवाह उठायचा आणि काडी उचलली की ओसरायचा. ती हरखून आलेख घेऊन सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि एका शब्दात निकाल लावला.

“गळती.”

गळती म्हणजे सील नीट न होणं. काच आणि पेशी यांच्यात फट राहते आणि तिथून वीज निसटते. सरांचं म्हणणं असं, की दाबलं की पेशी हलते, हलली की सील सैल होतं, सैल झालं की गळती वाढते. दार कसलं नि काय. आता, असं होऊ शकतं हे खरं आहे. पण हे तिला सांगायचं म्हणजे सुगरणीला ‘तू मीठ घालायला विसरलीस’ म्हणण्यासारखं होतं. तिचं डोकं सणकलं. तिने पुन्हा केलं, वेगळ्या पेशी घेऊन केलं, वेगळं मीठपाणी घेऊन केलं. सर दरवेळी तोच शब्द उच्चारत, आणि दरवेळी आधीपेक्षा जरा मायेने, जे जास्त लागायचं.

त्यात संस्थेत जावई आला. जावई म्हणजे कोणाचा जावई नव्हे, नव्याने आलेला तरुण शास्त्रज्ञ. पण त्याला भरपूर उजेडाची खोली मिळाली, नवी कोरी खुर्ची मिळाली, आणि मागितलेलं यंत्र तोंडातून शब्द निघायच्या आत मिळालं, म्हणून हे नाव. ते यंत्र एका दमात शेकडो पेशी पकडायचं. तोंडाने ओढणं नाही, नळ्या फेकणं नाही, स्वतःशी शिव्या पुटपुटणं नाही. सरांनी तिच्या कूर्चेच्या पेशी त्या यंत्रात घालायला लावल्या. यंत्राने सांगितलं, असलं दार यांतल्या एकाही पेशीत नाही.

जावई मनाने वाईट नव्हता. सांगायला स्वतः आला, आणि दार वाजवून आला.

“मॅडम, मला खरंच वाईट वाटतंय.”

“तू कशाला वाईट वाटून घेतोस? तुझ्या यंत्राला वाटतंय का?”

पुढचा घाव सरांनी घातला. ते दार न वाजवता आत आले तेव्हा ती पिंजऱ्यात डोकं घालून बसली होती. नुकतंच एक सुरेख सील झालं होतं आणि रबरी नळी अजून तोंडातच होती. नळी सोडायच्या आत सरांनी तिच्या पाठीमागे उभं राहून बोलायला सुरुवात केली. बाहेरून तीन तपासनीस येणार आहेत, संस्थेत काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं ते ठरवायला. जावयाला दुसरं यंत्र द्यायचं आहे. त्याला जागा ही खोलीच बरी. टेबल सुटं करून तळघरात ठेवू. तू जावयाबरोबर बैस, त्याच्या यंत्रातून जे निघेल त्याचा हिशेब लाव, तुझा अनुभव दांडगा आहे.

तिला इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक दिसेना. आणि बोलणार काय? तोंडात नळी. बोलावं तर सील जातं, न बोलावं तर टेबल जातं. तिने दात नळीवर आवळले आणि रागाच्या भरात ओढत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा दंडक मोडला, तो असा.

नोंद सुरू नसली तरी समोरचा पडदा चालूच असतो. त्यावरची सरळ रेघ अचानक एक पायरी चढली. मग उतरली. मग एक चढली, तिच्यावर तेवढीच दुसरी चढली, आणि दोन्ही उतरल्या. तिने ओढणं थांबवलं. रेघ सपाट. ओढलं. पायऱ्या. थांबवलं. सपाट.

“तुला समजतंय ना मी काय म्हणतोय ते?” पाठीमागून सरांनी विचारलं.

“हं,” ती नाकातून म्हणाली.

पोरगी समजूतदारपणे ऐकून घेतेय असं वाटून सर समाधानाने निघून गेले. त्यांनी पडद्याकडे मान वळवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण प्रमुख झालं की माणूस पडद्याकडे पाहत नाही.

ती हसली की रडली हे तिलाही सांगता आलं नसतं. दाराला फट असेल तर वारा सारखा येत राहतो, तो पायरी-पायरीने येत नाही. पायरी दिसली म्हणजे काहीतरी उघडलं आणि मिटलं. तोंडाने ओढलं की नळीच्या टोकाशी पेशीचं आवरण ताणलं जातं, आणि ताणलं की तिचं दार उघडतं. इतकी साधी गोष्ट! सील झाल्या झाल्या नळी सोडून द्यायची, म्हणजे नेमकं दार मिटेपर्यंत थांबायचं आणि मग बघायला लागायचं. सगळ्यांनी हेच केलं होतं. तिनेही हेच केलं होतं, आणि मान अभिमानाने ताठ ठेवून केलं होतं.

ती तडक जावयाच्या खोलीत गेली.

“तुझं यंत्र पेशीला धरतं कसं रे?”

“खाली भोक असतं मॅडम. तिथून ओढून धरतं.”

“आणि एखाद्या पेशीत गळती दिसली तर?”

“ती आपोआप बाद. यंत्र तिची नोंदच ठेवत नाही.”

“बाद किती होतात?”

“या कूर्चेच्या? निम्म्याहून जास्तच...” जावई बोलता बोलता थांबला. हुशार होता. त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे ओढल्यामुळे ज्यांची दारं उघडली, त्याच मी—”

“फेकून दिल्यास. आणि राहिल्या त्यांना विचारत बसलास, बायांनो, तुमच्याकडे दार आहे का.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सत्य सापडणं आणि ते वरच्या मजल्यापर्यंत पोचणं यांत एक जिना असतो, आणि तो चढताना भल्याभल्यांचे गुडघे कुरकुरतात. सरांनी पायऱ्यांचे आलेख पाहिले. आधी म्हणाले, लिफ्टच्या मोटारीचा आवाज शिरला असेल. मग म्हणाले, ओढत राहिलीस? मी काय शिकवलं होतं तुला? ओढत राहिलं की सील हलणारच. जावयानेही यंत्राची चूक कबूल करून पाहिली, तर त्याला म्हणाले, तू नवीन आहेस. आणि शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणाले, “अगं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वय होतं. हात पूर्वीसारखा राहत नाही.”

ती उठून आली. हात? तिचा हात! ज्या हाताचं नाव सांगून सर परगावच्या सभांमध्ये फुशारकी मारत, तो हात! रात्री जेवताना तिने आईला सगळं सांगितलं, ताट तसंच. आईने दोनदा वाढलं आणि दोनदा ताटाकडे पाहिलं.

“मग आता काय करणार?” आईने विचारलं.

“जागेवरून उठणार नाही.”

“नुसतं बसून काही होत नसतं. मी बसले होते तेव्हा माझं मशीन चालू होतं, म्हणून मुकादम गप्प बसला. हात चालू ठेव. आणि आमटी गार होतेय.”

तपासनीस आले. दोन पुरुष आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई. बाईंनी दारावरची घोरपड पाहून आत येण्याआधी दार वाजवलं, तेव्हाच तिला बाईंचा स्वभाव कळला. सरांनी टेबलाकडे हात करून सांगितलं, की हे जुनं टेबल आता निवृत्त होतंय; इथे एक प्रवाह दिसल्यासारखं वाटलं होतं, पण ती गळती ठरली. जावई कोपऱ्यात चुळबुळ करत होता. सर पुढे निघाले.

“थांबा सर,” ती म्हणाली.

सगळे थांबले. तिने स्टूल पुढे ओढलं, रबरी नळीच्या टोकाला नवं कोरं तोंड बसवलं आणि ती सरांपुढे धरली.

“माझा हात राहिला नाही म्हणालात. मान्य. तुम्ही बसा.”

“अगं, हे काय आता? पाहुण्यांना पुढे जायचंय.”

“पाहुणे थांबतील. सील तुम्ही करा. तुमच्या हाताने केलेल्या सीलमध्ये गळती असेल, तर मी आजच टेबल सुटं करते, पान्यासकट तळघरात नेऊन देते.”

सरांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर हात गेला हे पाहुण्यांसमोर कबूल केल्यासारखं. हो म्हणावं, सील करावं, आणि त्यात पायऱ्या दिसल्या तर? इकडे आड आणि तिकडे विहीर. दोघे पुरुष तपासनीस एकमेकांकडे पाहू लागले. बाईंनी मात्र एक खुर्ची ओढली आणि पदार्थ येण्याची वाट बघावी तशा निवांत बसल्या.

“बसा ना,” बाई म्हणाल्या. “मलाही पाहायचंय.”

सर बसले. कोट काढला, बाह्या वर केल्या. पहिली पेशी फुटली. दुसऱ्या वेळी नळीचं टोक तळाला आपटून मोडलं. तिला वाटलं होतं की सरांची फजिती पाहून बरं वाटेल. वाटलं नाही. नळी टेकवताना सरांची करंगळी टेबलाच्या कडेला टेकली होती, तिला शिकवताना टेकायची तशीच. ती मनातल्या मनात म्हणू लागली, चहाचा घोट, सर, चहाचा पहिला घोट. हे ती का म्हणत होती, कोण जाणे. सील जमलं नसतं तर टेबल जाणार होतं हे खरं, पण त्या क्षणी तिला टेबल आठवतही नव्हतं.

तिसऱ्या पेशीवर सील झालं. रेघ अशी सपाट झाली की जावयाच्या तोंडून वा निघालं. सरांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. दंडकाप्रमाणे ते नळी सोडायला गेले.

“सोडायची नाही,” ती म्हणाली. “ओढा. थोडंसंच.”

सर थबकले.

“ओढा की,” बाई मागून म्हणाल्या.

सरांनी ओढलं. रेघ एक पायरी चढली, क्षणभर थांबली आणि उतरली. सरांनी ओढणं थांबवलं. सपाट. पुन्हा ओढलं. एक पायरी, दुसरी पायरी, दोन्ही अगदी सारख्या उंचीच्या. सरांनी सात-आठ वेळा केलं. पडदा दरवेळी तेच उत्तर देत राहिला.

“सर, ही गळती आहे?” तिने विचारलं.

तोंडात नळी असलेल्या माणसाला बोलता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! सरांनी नुसती मान हलवली. नाही.

“मान नको सर. सगळ्यांसमोर शब्दांत म्हणाला होतात, सगळ्यांसमोर शब्दांत सांगा.”

जावयाने डोळे मिटून घेतले. संस्थेत सरांशी असं कोणी बोलत नसे. सरांनी तोंडातली नळी काढली, रुमालाने ओठ पुसले आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, “गळती नाही. दार आहे. आणि तुझा हात...” त्यांनी नळी टेबलावर ठेवली. “तुझ्या हाताला काही झालेलं नाही.”

बाई उठल्या, तिच्या पाठीवर थाप मारून निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, की या टेबलाबद्दल अहवालात काय लिहायचं ते त्यांना समजलं आहे. दोघे पुरुष आणि जावईही त्यांच्यामागे गेले.

सर गेले नाहीत. त्यांनी नवी नळी घेतली, नवी पेशी शोधली. त्या पेशीतही पायऱ्या दिसल्या, तेव्हा लहान मुलासारखे हसले आणि आणखी एक नळी घेतली. बैठकीला बोलवायला माणूस आला, त्याला हातानेच घालवून दिलं. ती पिंजऱ्याला टेकून उभी. पाय दुखायला लागले. एक पेशी झाली, दुसरी झाली, सरांचं आपलं चालूच.

“सर, उठा.”

“एक, एकच अजून. त्या यंत्राचं काय करायचं ते सुचलंय मला. माझी बैठकीची खोली मोठी आहे, दुसरं यंत्र तिथे बसवू.”

“बसवा. पण उठा आता.”

“अगं, एवढी एक पेशी—”

“उठा,” ती म्हणाली. “टेबल माझं आहे.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.